डोंगर उतरताना

मैत्रिणींनो, घरची सहल म्हटली की एक वाक्य ठरलेलंच असतं. "तुम्ही सगळे जाऊन या वर. मी बसते इथे सामानापाशी." हे वाक्य पुरुषमाणूस सहसा बोलत नाही. आपल्यापैकीच कुणीतरी बोलते, आणि ते इतक्या सहज तोंडून येतं की "अहो, तुम्हीही चला ना" असा आग्रह दुसऱ्यांदा कुणी करत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी, जेजुरीच्या पायऱ्यांशी, पाण्याच्या बाटल्या, नातवंडांचे स्वेटर आणि उरलेल्या पुऱ्यांचा डबा सांभाळत बसलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. कदाचित त्यांतल्या एक तुम्हीच असाल.

कारण विचारलं तर दोन मिळतात. एक म्हणजे दम लागतो, आणि दुसरं म्हणजे गुडघे. दम लागतो तो चढताना आणि गुडघे बोलतात ते उतरताना. पण आपण दोन्हींचं मिळून एकच कारण करून टाकतो, "मला नाही बाई जमायचं!" आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल, म्हणजे उतरण्याबद्दल. डोंगर न चढता नुसता उतरताही येतो, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. आणि तेही कुठे, तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर!

निमित्त आपलं नेहमीचंच, लेकीचं बाळंतपण. लेक आणि जावई होबार्टला असतात. होबार्ट ही टास्मानियाची राजधानी. एका बाजूला डरवेंट नदीची रुंद खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या चढउतारावर वसलेलं गाव. लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डोंगर समोर दिसायचा. सकाळी कुकर लावताना बघावं तर ढगात, दुपारी भांडी विसळताना बघावं तर लख्ख उन्हात. गाव समुद्रालगत आणि डोंगर १२७१ मीटर उंच, त्यामुळे पायापासून माथ्यापर्यंत सगळाच्या सगळा डोळ्यांत भरतो. सातारकरांना अजिंक्यताऱ्याची असते तशी तिथल्या माणसांना त्याची सवय. कुणी आकाशाकडे बघत नाही. डोंगराकडे बघूनच आज कपडे वाळतील का ते ठरवतात.

या डोंगराची दोन नावं आहेत. मूळ रहिवाशांच्या भाषेतलं कुनान्यी आणि इंग्रजांनी दिलेलं माउंट वेलिंग्टन. २०१३ सालापासून दोन्ही नावं सरकारदरबारी एकत्र लिहितात. हा वेलिंग्टन कोण म्हणाल, तर वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा सेनापती. आणि गंमत म्हणजे हाच माणूस त्याआधी, १८०३ साली, वेलस्ली या नावाने आपल्याकडे येऊन गेलेला. आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेविरुद्धची लढाई त्याने जिंकली होती. तेव्हा परक्या मुलखातल्या डोंगराशी माझी अशी जुनी ओळख निघाली, तीही फारशी गोड नाही!

नात साडेचार महिन्यांची झाली. माझं परतीचं तिकीट आठ दिवसांवर आलं. घरात सगळं वरवर ठीक होतं. दूध, दुपटी, मालीश, शेक, झोप, पुन्हा दूध. पण लेक काहीशी गप्प झालेली. मी काही विचारलं की "काही नाही गं आई, झोप नाही झाली," एवढंच. झोप तर कुठल्याच बाळंतिणीची होत नाही, म्हणून मीही ते उत्तर चालवून घेत होते. त्या आठवड्यात जावई म्हणाले, "आई, रविवारी तुम्ही दोघी जरा मोकळ्या हवेत जाऊन या. मी तुम्हाला गाडीने डोंगरावर सोडतो. तुम्ही पायवाटेने खाली या. छकुलीला मी बघतो." लेकीच्या डॉक्टरांनी तिला चालायला केव्हाच सांगितलं होतं. प्रश्न माझाच होता. मी म्हणणार होते, "तुम्हीच दोघं जा, मी बसते घरी बाळापाशी." पण लेक हळूच म्हणाली, "आई, तू चल." दोनच शब्द, पण ते ज्या सुरात आले त्याला नाही म्हणता येईना.

तिकडे रानाला 'बुश' म्हणतात, आणि रानातल्या पायवाटेने चालायला 'बुशवॉक'. आपल्याला सहल म्हटली की देऊळ लागतं, निदान एखादा पॉइंट तरी लागतोच. तिथे नुसतं चालायचंच निमित्त पुरतं. आजीआजोबा, लेकुरवाळ्या बाया, शाळकरी पोरं, सगळी जातात. डोंगराच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, तो १९३७ साली खुला झाला. मंदीच्या दिवसांत बेकार झालेल्या माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधला होता. त्या रस्त्यामुळेच माझ्यासारखीला चढण चुकवून थेट माथ्यावर उभं राहता येतं.

आता निघण्याआधीची तयारी सांगते, कारण ही माहिती कुठल्याही डोंगराला लागू पडेल. बूट नेहमीपेक्षा किंचित सैल हवेत, कारण उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. पायांची नखं आदल्या दिवशीच कापावीत, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती काळीनिळी होतात. बुटाची नाडी बोटांकडे जरा सैल आणि घोट्याशी घट्ट बांधायची. हातात काठी घ्यायची, जरा लांबच घ्यायची, कारण ती आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर टेकवायची असते. पाठीवर ओझं कमीत कमी. आम्ही दशम्या, लसणीची चटणी, पाणी आणि डिंकाचे लाडू घेतले. आणि बायकांनी सर्वांत आधी विचारायचा तो प्रश्नही मी विचारून घेतला. स्वच्छतागृहं माथ्यावर, मध्ये स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी आणि खाली फर्न ट्री या वस्तीत, अशी तीन ठिकाणी आहेत. एवढं कळल्यावर निम्मी काळजी मिटली.

महिना फेब्रुवारीचा, म्हणजे तिकडचा उन्हाळा. होबार्टमध्ये साध्या पंजाबी ड्रेसवर निभलं असतं. पण माथ्यावर गाडीतून उतरले मात्र, वाऱ्याने ओढणी थेट तोंडावर आणून आपटली! गावापेक्षा वर दहा अंशांपर्यंत थंडी जास्त असू शकते आणि भर उन्हाळ्यातही कधी कधी बर्फ पडतं. स्वेटर, कानटोपी, वरून लेकीचं पावसाळी जाकीट, असा माझा अवतार झाला. माथ्यावर झाडं जवळजवळ नाहीतच, नुसते दगडांचे ढीग आणि त्यांच्या फटींतली खुरटी झुडपं. खाली मात्र सगळं होबार्ट, पूल, खाडी आणि दूरवरचा समुद्र. जावयांनी हात हलवला, गाडी वळली, आणि आम्ही दोघीच उरलो.

पहिली वाट झिगझॅग ट्रॅक. नावाप्रमाणेच नागमोडी, दगडी पायऱ्यांची. पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं की उतरणं म्हणजे चढण्याच्या उलट नव्हे, ते वेगळंच काम आहे. विहिरीतून भरलेली कळशी ओढताना जोर लागतो, पण रिकामी कळशी आत सोडताना दोर एकदम सोडून चालत नाही, हळूहळू द्यावा लागतो. तसंच मांडीच्या स्नायूंचं असतं. चढताना ते आखडून आपल्याला वर उचलतात. उतरताना ताणले जाता जाताच आपला सगळा भार धरून ठेवतात. त्यामुळे श्वास शांत असतो, छाती धडधडत नाही, आणि आपल्याला वाटतं की काहीच कष्ट होत नाहीत. हिशेब मिळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना! ही स्नायूंची दुखी चार-सहा दिवसांत जाते आणि पुढच्या खेपेला कमी होते. मात्र सांध्यातच कळ येत असेल, गुडघा सुजत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर ते वेगळं. त्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवावं आणि मगच डोंगराकडे बघावं.

उतरायची रीत लेकीने शिकवली. पावलं लहान टाकायची. गुडघा ताठ ठेवायचा नाही, किंचित वाकलेला असू द्यायचा. पाय आपटायचा नाही, टेकवायचा. फार मोठी पायरी असेल तर तोंड डोंगराकडे करायचं आणि हात टेकून खुशाल उतरायचं, लाजायचं काय त्यात? आणि बघायचं असेल तर थांबून बघायचं, चालायचं असेल तर पायाखाली बघायचं. दोन्ही एकदम नाही. एरवी मी एका हाताने पोळी भाजत दुसऱ्याने फोन धरणारी बाई. एका वेळी एकच काम करायचं, याची मला सवयच राहिली नव्हती.

वाटेतल्या एका वळणावरून काळे उभे कडे दिसतात, त्यांना ऑर्गन पाइप्स म्हणतात. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनच्या नळ्या एकीला एक लावून उभ्या कराव्यात तसे ते दगडी खांब. तापलेला शिलारस निवताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि हे खांब तयार झाले. आपल्याकडे मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथेही असेच खांब आहेत. मात्र आपला तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे नात्याने आपल्या खडकाची ही आजेसासूच म्हणायची.

जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८३६ साली, बीगल जहाज होबार्टला लागलं असताना, हा डोंगर चढला होता. पहिल्यांदा रान इतकं दाट लागलं की त्याला परत फिरावं लागलं. दुसऱ्यांदा वाटाड्या घेतला, तरी माथा गाठायला साडेपाच तास लागले. उतरायला जरा बरी वाट सापडली, पण जहाजावर पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. हे लेकीने सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाला एकदा परत फिरावं लागलं आणि पुढच्या खेपेला वाटाड्या घ्यावा लागला, आणि त्याने ते स्वतःच्या पुस्तकात लिहूनही ठेवलं!

दीडेक तासाने स्प्रिंग्जला आलो. ही डोंगराच्या कुशीतली सपाट जागा, साधारण सातशे मीटर उंचीवर. इथे एके काळी हॉटेल होतं. ७ फेब्रुवारी १९६७ या दिवशी दक्षिण टास्मानियात वणवे पेटले, गरम वाऱ्याने एका दुपारीत पसरले, ६२ माणसं गेली आणि सात हजारांवर बेघर झाली. त्यात ते हॉटेलही जळालं. तिकडची निलगिरीची झाडं तेलकट, आग लागली की भडकतातच. सर्दीला आपण वाफाऱ्यात टाकतो ते निलगिरीचं तेल ज्या झाडाचं, तो 'ब्लू गम' मूळचा याच भागातला. उटीच्या डोंगरांत तो इंग्रजांनी नेऊन लावला, आणि निलगिरी पर्वताचं नाव आपण झाडालाच देऊन टाकलं. म्हणून उन्हाळ्यात निघण्याआधी वणव्याचा इशारा नाही ना, हे बघूनच तिकडची माणसं रानात शिरतात. साप असतात, तेही विषारी. पण पायाखाली बघून चाललं आणि त्यांच्या वाटेला गेलं नाही तर ते आपणहून सरकतात. लेकीच्या पिशवीत लांब रुंद पट्टी होती, साप चावलाच तर पाय घट्ट बांधून न हलता थांबायचं असतं म्हणून. ती वापरायची वेळ आली नाही.

स्प्रिंग्जला बाकावर बसून दशम्या सोडल्या. शेजारी एक जोडपं तान्हं बाळ घेऊन आलेलं. ते बाळ रडायला लागलं आणि लेकीने पटकन जाकिटाची चेन वर ओढली. मी समजले. आपल्याला हे सांगावं लागत नाही. घरी बाटलीत दूध काढून ठेवलं होतं, नात उपाशी नव्हती, पण पान्ह्याला ते कुठे कळतं? तिचे डोळे भरून आले. मी लाडू पुढे केला. ती म्हणाली, "नको." मग अर्धा घेतला.

स्प्रिंग्जच्या खाली डोंगर बदलतो. उघडा खडक संपतो आणि उंचच उंच झाडांचं रान सुरू होतं. या वाटेला रॅडफर्ड्स ट्रॅक म्हणतात. १९०३ च्या सप्टेंबरात पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन परत यायची शर्यत लावली होती. वर बर्फाचं वादळ झालं आणि दोन धावपटू त्यात गेले. त्यांतल्या एकाचं, रॅडफर्डचं, नाव या वाटेला आहे. वाचून मला वाटलं, माथा गाठला की आपण सगळं संपलं असं समजतो, पण घर तर खालीच असतं.

मी पुढे, लेक मागे. वाट अरुंद, मुळ्या बाहेर आलेल्या, मधूनच ओल. आणि इथेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चढताना माणूस बोलू शकत नाही, दम पुरत नाही. उतरताना दम शिल्लक असतो. शिवाय एकीमागे एक चालताना तोंडं दिसत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत, समोरासमोर, दिव्याच्या उजेडात जे चार महिने निघालं नव्हतं, ते त्या वाटेवर मागून आलं. "आई, बाळाकडे बघून मला कधी कधी काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात किती गोड आहे, किती गोड आहे. मला नुसती भीती वाटते. तू गेलीस की मी काय करू?"

मी वळून पाहिलं नाही. पायाखाली निसरडी मुळी होती हे एक, आणि वळले असते तर ती गप्प झाली असती हे दुसरं. काठी टेकत टेकत मी चालत राहिले आणि तिला तिच्याच जन्माच्या वेळचं सांगितलं. सव्वा महिना झाला, पाहुणे गेले, बारशाचे पेढे संपले. मग मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. का ते मला सांगता येत नव्हतं, आणि विचारतंय कोण? सासूबाई मायेच्या होत्या, पण त्यांच्या काळात या दुखण्याला नावच नव्हतं. दृष्ट काढायच्या, मीठमोहऱ्या ओवाळायच्या. पुढे हळूहळू मी सावरले. पण ते दिवस मी कुणालाही, तुझ्या बाबांनाही, सांगितले नाहीत. आज तुलाच पहिल्यांदा सांगतेय. मागून बराच वेळ नुसता पावलांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, फक्त मलाच."

मैत्रिणींनो, गरोदरपणात आपण पोरीचं किती करतो! डोहाळे पुरवतो, चोर ओटी भरतो, डोहाळजेवण करतो, हिरवा चुडा भरतो. म्हणजे चढणीला सगळा गोतावळा बरोबर असतो. एकदा बाळ हातात आलं की सगळ्यांच्या नजरा बाळाकडे, आणि आई पुढचा उतार एकटी उतरत असते. बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस मन हळवं होणं, उगाच रडू येणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. पण ते दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, कशात मन लागेना, झोपायला वेळ मिळूनही झोप येईना, बाळाविषयी माया वाटेना किंवा स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येऊ लागले, तर ते आळस नव्हे, नखरे नव्हेत आणि बाहेरचंही काही नव्हे. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि डॉक्टरांना सांगायला उशीर करू नये. तिकडे बाळाला तपासायला न्यावं तर नर्स आईलाही प्रश्न विचारतात. लेकीने त्यांना "सगळं छान आहे" असंच उत्तर दिलेलं. तीही आपल्यातलीच ना!

शेवटचा टप्पा फर्न ग्लेड. इथे मला बोलायचं सुचेना. ओहोळाच्या दोन्ही बाजूंनी झाडाएवढी नेची. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर उगवतं ते नेचं इथे पुरुषभर उंच खोडावर हिरवी छत्री उघडून उभं असतं. वर्षाकाठी जेमतेम काही सेंटीमीटर वाढतं म्हणे. म्हणजे त्या छत्र्यांखालून आपल्या किती पिढ्या चालून गेल्या असत्या! लेक ओहोळाशी बसली, तोंडावर पाणी मारलं आणि पिशवीतला उरलेला अर्धा लाडू मागितला.

फर्न ट्रीला पोचलो तेव्हा आठशे मीटरहून जास्त उतार आमच्या पायांखालून गेला होता आणि चार तास झाले होते. सराईत माणसांना यापेक्षा पुष्कळ कमी लागतात. जावई बाळाला घेऊन आलेच होते. लेकीने गाडीचं दार उघडायच्या आधी त्यांना जरा बाजूला बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. मी मुद्दामच बाळाच्या दुपट्यात लक्ष घातलं. पुढच्याच मंगळवारी ती दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली.

मी ठरल्या दिवशी परत आले. एका फेरीने सगळं बरं झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही, तसं होत नसतं. उपचार चालू आहेत. फोनवर कधी आवाज चांगला असतो, कधी बसलेला. पण आता "काही नाही गं" असं उत्तर येत नाही. बसलेला असेल तर "आज बसलाय" असं ती सांगते. रविवारी नातीला पोटाशी झोळीत बांधून ती फर्न ट्रीला जाते. तिथून होबार्टला पाणी नेणाऱ्या जुन्या नळाच्या कडेने एक रुंद, बरीचशी सपाट वाट निघते. १८६१ सालापासून त्या पाण्याचं काम सुरू झालं होतं. बाळाला घेऊन चालायला तीच बरी.

आणि माझं म्हणाल, तर परत आल्यावर मी एक नेम धरलाय. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. आजवर खाली-वर दोन्हीला लिफ्टच. आता वर लिफ्टने जाते आणि खाली जिन्याने येते, कठड्याला हात ठेवून, लहान पावलं टाकत. उतरण्याची ताकद उतरूनच येते, आणि त्यात छातीवर ताण कमी पडतो. ज्यांचे गुडघे अजून तक्रार करत नाहीत त्यांनी आजपासूनच सुरू करावं. ज्यांचे करतात त्यांनी डॉक्टरांना विचारून, एका मजल्यापासून. महिनाभराने जवळचा एखादा गड बघा, जिथे माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे आणि दुसरीकडून चांगली पायवाटही आहे. गाडीने वर जा, सकाळच्या उन्हात खाली या. पावसाळ्यात मात्र नको, शेवाळलेली पायरी कुणाचीच नसते.

जाताना घरातल्या एखादीला बरोबर घ्या. लेक, सून, जाऊ, वहिनी, कुणीही, जी अलीकडे गप्प गप्प असते. तिला काही विचारू नका. तुम्ही पुढे चाला आणि तिला मागून येऊ द्या.